खाली येणे : फ्युचर स्कोप

"काकू, तुमच्याकडे काही प्रॉब्लेम आहे का?"

लग्न होऊन रेवदंड्याला आले तेव्हापासून हा प्रश्न मला कुणी म्हणजे कुणी विचारला नव्हता. त्यामुळे पुतण्याने तो विचारल्यावर मी विळी बाजूला सरकवली, पदराला हात पुसले आणि झोपाळ्यावर ठाण मांडून सुरुवात केली. विहिरीवरची मोटर दर पावसाळ्यात जळते. वानरं कोवळे नारळ तोडतात, अर्धवट खातात आणि उरलेले आपल्याच अंगणात टाकतात. शेजारच्या वाडीला पाणी सोडलं की पाट नेमका आमच्या न्हाणीमागे फुटतो. वायरमन 'आलोच' म्हणतो. तुझे काका दुपारी घोरतात, आणि घोरत नसतील तेव्हा सल्ले देतात.

पुतण्याच्या वहीचं पान कोरंच होतं.

"हे सगळे जेन्युइन प्रॉब्लेम आहेत, काकू," तो म्हणाला, "पण फार सोपे आहेत. यात एआय कुठे बसवणार?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतं आणि त्याला प्रोजेक्ट करायचा होता. डॉक्टरकीच्या मुलांना रुग्ण आयते मिळतात, वकिलीच्या मुलांना भांडणं आयती मिळतात. इंजिनिअरिंगच्या मुलांना मात्र उत्तर आधी मिळतं आणि ते हातात घेऊन प्रश्न शोधत दारोदार फिरावं लागतं. वसंतदादांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या समस्यांवर फार ताण पडला आहे. दरवर्षी इतक्या मुलांना पुरतील एवढे प्रॉब्लेम आणायचे कुठून? त्यामुळे तेच ते पुन्हा वापरले जातात. कचरा टाकला की झाकण उघडणारी स्मार्ट कचरापेटी, अंध व्यक्तींसाठी बोलणारी काठी, काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी. कचऱ्याच्या पेट्या इतक्या हुशार झाल्या, कचरा तेवढा रस्त्यावरच राहिला.

ग्रुप चौघांचा. ब्रँच मेकॅट्रॉनिक्स. पुतण्याच्या सांगण्यावरून मला कळलं ते असं, की मेकॅनिकलचं काही अडलं तर ते इलेक्ट्रॉनिक्सचं आहे म्हणायचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं अडलं तर मेकॅनिकलचं. पुतण्या ग्रुप लीडर, म्हणजे बाकीच्या तिघांना "कुठे आहेस?" असं विचारणारा. दुसरी एक मुलगी होती. तिला खरोखरच यंत्र बनवायचं होतं, त्यामुळे बाकीचे तिला वचकून असायचे. तिसरा कोडवाला. हा दिवसा झोपायचा, रात्री जागायचा, आणि त्याला उठवायला गेलं की डोळे न उघडता "कंपाइल होतंय" म्हणायचा. चौथ्याचं नाव प्रत्येक कागदावर होतं, पण त्याला पाहिलं कुणीच नव्हतं. तो यायचा असला की त्याच्या घरी कार्यक्रम निघायचा. एवढे कार्यक्रम होणारं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

प्रॉब्लेम अखेर त्यांना मिळाला, तोही डोक्यावर. आमची वाडी पोर्तुगिजांनी बांधलेल्या तटाच्या आत आहे. माड, पोफळी, मध्ये केळी, काही पोफळींवर मिरीचे वेल. ती मुलं अंगणात चहा पीत बसली असताना सुपारी काढायला दादा आले. पायांत दोरीचा फास, कमरेला कोयता. बघता बघता शेंड्याला पोचले, घड खाली सोडले आणि पोफळ हेलकावून शेजारच्या पोफळीला हात घातला. खाली न उतरता एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. आम्हाला त्यात काही वाटत नाही. मुलांचा चहा मात्र कपात तसाच राहिला.

"काकू, हे केवढं रिस्की आहे!" मुलगी म्हणाली.

"आणि आता चढणारे तरी कुठे मिळतात?" आमच्या ह्यांनी संधी साधली. हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून श्रोत्यांच्या शोधात असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किती झाडं आडवी झाली इथपासून ते सुरू झाले. त्याआधीपासूनच चढणारे हात कसे कमी होत होते, दादांची मुलं कंपनीत कशी लागली, एका झाडाला दादा आता किती घेतात, इथवर आले. मुलं भराभर लिहून घेत होती. काका इतक्या वर्षांत एवढे खूश दिसले नव्हते.

पोफळीवर चढून सुपारी काढणारं यंत्र. विषय ठरला. मला तो पटलासुद्धा. पण विषय गाईडसरांकडे जाऊन आला तेव्हा त्याचं बारसं झालं होतं : 'आयओटी बेस्ड एआय एनेबल्ड स्मार्ट ऑटोनॉमस अरेकानट हार्वेस्टिंग सिस्टिम विथ रिअल टाइम क्लाउड मॉनिटरिंग'. आमच्या इथे किल्ल्यात पोर्तुगिजांच्या चर्चचा मनोरा आहे. त्याला सातखणी म्हणतात. नावात सात मजले आहेत. उभे किती उरलेत ते मोजायला जाऊ नये. या यंत्राच्या नावाकडेही मी त्याच समजुतीने पाहिलं.

मग सर्व्हे आला. यंत्र बनवण्याआधी शेतकऱ्यांना ते हवं आहे का, हे विचारावं लागतं म्हणे. ही पद्धत मला फार आवडली. पन्नास शेतकऱ्यांचे फॉर्म हवे होते, आणि पुतण्याच्या हातात होता एक रविवार. त्यातही सकाळी त्यांना कोर्लईचा किल्ला बघायचा होता.

"काकू, तुम्ही ओळखता ना सगळ्यांना? मग तुम्हीच भरा ना. त्यांना काय वाटेल ते तुम्हाला माहीतच आहे."

हे मात्र खरं होतं. लोकांना काय वाटेल, यावरच आजवरचा माझा संसार चालला आहे. मी फोन घेऊन बसले. शेजारच्या वहिनींना यंत्र हवं असेल? हो, आणि आमच्याकडे आलं तर दुसऱ्या दिवशीच हवं असेल. नागावच्या आत्यांना? त्या आधी किंमत विचारतील. चौलचे भावजी 'सांगता येत नाही' वर टिक करतील. त्यांनी आयुष्यभर तेच केलं आहे. जिवंत नातेवाईक तिशीच्या आतच संपले. मग मी वरच्या मंडळींकडे वळले. मामंजी, दोन्ही चुलत सासरे, आणि शेवटी सासूबाई. 'आपण या यंत्राच्या वापराशी सहमत आहात का?' या प्रश्नाला सासूबाई 'पूर्णपणे सहमत' झाल्या. हयातीत माझ्या कुठल्याही म्हणण्याशी त्या अर्धवटसुद्धा सहमत झाल्या नव्हत्या. बोट दाबताना मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढची पायरी लिटरेचर सर्व्हे. आपण जे करणार ते आधी कुणी केलंय का ते शोधायचं, आणि केलेलं असेल तर त्यात खोट काढायची. इथे आमच्या ह्यांनी घोळ घातला. ह्यांच्या व्हॉट्सॲपवर दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या गणपती भट नावाच्या शेतकऱ्याचा जुना व्हिडिओ होता. २०१९ मध्ये तो सगळ्यांच्याच फोनवर फिरत होता. भटांनी पोफळीवर चढायची गाडीच केली आहे. पेट्रोलचं इंजिन, बसायला सीट, माणूस तिच्यात बसतो आणि सरसर वर जातो.

व्हिडिओ बघून मुलं गप्प झाली. शेवटी कोडवाला म्हणाला, "काका, पण यात एआय नाहीये."

"आणि ही मॅन्युअल आहे," पुतण्याला धीर आला. "माणूस बसवावा लागतो."

"आणि ती खाली पण येते," हे म्हणाले.

या वाक्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. ह्यांच्या वाक्यांकडे लक्ष न देण्याची सवय पाहुण्यांनासुद्धा लवकर लागते.

सामान आणायला स्वारी लॅमिंग्टन रोडला गेली. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण मोटर, सर्किट, वायर घ्यायला जाणारा माणूस लॅमिंग्टनलाच जातो. तिथे एका दुकानदाराने म्हणे मुलांकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, "पार्ट्स पाहिजेत की पूर्ण प्रोजेक्ट?" पूर्ण प्रोजेक्टमध्ये यंत्र, रिपोर्ट आणि व्हायव्हाला विचारले जाणारे प्रश्न उत्तरांसकट मिळतात. चौथ्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा, फोनच्या स्पीकरवर : "घ्या ना यार." मुलीने फोन कट केला.

आलेल्या सामानात निळ्या रंगाची एक पट्टी होती, अर्डुइनो. इटलीतल्या इव्रेआ गावी २००५ साली ती जन्माला आली आणि बनवणारे ज्या बारमध्ये बसायचे त्या बारचंच नाव तिला दिलं, असं कोडवाल्याने कौतुकाने सांगितलं.

"तरीच," हे म्हणाले. पट्टीवरचा दिवा उगाचच लुकलुकत होता.

मोटरी मात्र गाडीच्या वायपरच्या होत्या. मुलीने मला एक उघडून दाखवली. आत मळसूत्रासारखा एक दांडा असतो, त्याला वर्म गिअर म्हणतात. मोटर चाक फिरवू शकते, पण चाक उलटं मोटरीला फिरवू शकत नाही. वीज गेली की चाक जिथल्या तिथे घट्ट. "म्हणजे यंत्र झाडावरून घसरून खाली नाही येणार, काकू. सेफ्टी!" ती म्हणाली. मला तिचं फार कौतुक वाटलं. हीच गोष्ट तिने शेजारी बसलेल्या कोडवाल्याला सांगितली असती तर या लेखाला विषय उरला नसता. पण त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, 'फायनल इयर वॉरियर्स', आणि महत्त्वाचं सगळं तिथेच बोलायचं असा नियम होता. त्या ग्रुपवर मी डोकावले तेव्हा तीन दिवस सलग नुसते अंगठे होते.

आमची पडवी कारखाना झाली. सोल्डरिंगचा वास देवघरापर्यंत. दिवाळीच्या करंज्यांचा डबा उघडला तर आत स्क्रू. करंज्या कुठे गेल्या हे विचारायची सोय नव्हती. मोटरी सुलट-उलट फिरवणारं जे सर्किट असतं, मोटर ड्रायव्हर, त्याने पहिल्याच संध्याकाळी धूर सोडला. "असं होतंच," कोडवाला शांतपणे म्हणाला. दुसऱ्यानेही सोडला. मग मोटरींसाठी एक साधा रिले लावला. चालू आणि बंद, एवढंच त्याला कळतं. उलटं फिरवणं त्याच्या बापाला जमत नाही. पण तात्पुरता आहे म्हणाले. आमच्या न्हाणीचं दारही तात्पुरतंच आहे, मी लग्न होऊन आले तेव्हापासून.

मग कंपासचा सेन्सर बिघडला. यंत्र उत्तर कुठे आहे ते रोज वेगळं सांगू लागलं. झाडावर चढणाऱ्याला उत्तर दिशेचं काय करायचंय, हे मी विचारलं नाही; ते नावात कुठेतरी असणार. कोडवाल्याने दोष अलिबागला दिला. "इथे जवळ मॅग्नेटिक ऑब्झर्व्हेटरी आहे ना, तिच्यामुळे फील्ड डिस्टर्ब होतंय." आमचे हे खवळले. गावावर आलेलं बालंट त्यांना सहन होत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली; इमारतीत लोखंड येऊ नये याचीसुद्धा काळजी घेतली. "अरे, साहेबाने चुंबकासाठी सगळ्यात शांत जागा म्हणून अलिबाग निवडलं, आणि तुझा तो दीडशे रुपयांचा सेन्सर..." इतक्यात मुलीने सेन्सरखालचा स्पीकर उचलला. स्पीकरला मागे लोहचुंबक असतं. उत्तर दिशा जागेवर आली. स्पीकर कशाला होता तेही तेव्हाच कळलं : यंत्र वर पोचलं की 'टास्क कम्प्लिटेड' असं बोलणार होतं.

सांगाडा करायला ते बाजारातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. हा आमच्याकडचा ग्रिल आणि गेट करणारा माणूस; शिक्षण विचारलं तर हसतो. पुतण्याने लॅपटॉप उघडून थ्रीडी मॉडेल गोल गोल फिरवून दाखवलं. त्याने ते फिरून थांबेपर्यंत सभ्यपणे पाहिलं.

"चांगलंय. झाडाचं माप काय घेतलं?"

"साडेपाच इंच."

"खालचं की वरचं?"

चौघांनी, म्हणजे हजर तिघांनी, एकमेकांकडे पाहिलं. पोफळ वर निमुळती होत जाते हे त्यांना दिसलं नव्हतं असं नाही. लॅपटॉपमध्ये तिचा सरळसोट दांडा काढला होता आणि मग दांड्याचीच सवय झाली. फॅब्रिकेशनवाल्याने सायकल लावली, आमच्या वाडीत आला, पोफळीला सुतळी गुंडाळली, डोळे बारीक करून शेंड्याकडे बघितलं आणि म्हणाला, "स्प्रिंगा लावू. बघू कुठवर धरतात." रिपोर्टमध्ये या वाक्याचं 'ॲडॅप्टिव्ह ग्रिपिंग मेकॅनिझम' असं प्रकरण झालं. त्याचं नाव मात्र त्यात कुठे नाही. बिलात आहे.

तयार यंत्राचं वजन भरलेल्या गॅस सिलिंडरएवढं भरलं. ते पडवीतून वाडीत न्यायला तिघं कमी पडले. चौथ्याच्या घरी कार्यक्रम होता.

चाचणीच्या दिवशी अर्धी आळी जमली. रेवदंड्याला लांबून येऊन काहीतरी करून बघणाऱ्यांची सवय जुनी आहे. रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला तो एक घोडा घेऊन. इकडे घोड्यांना फार भाव म्हणून त्याने तो समुद्रातून आणला. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा काढूनच घेतला. तो परत मिळवून विकेपर्यंत बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला आला. त्याचं स्मारक आमच्या गावातल्या शाळेच्या आवारात आहे. प्रोजेक्ट फसला तरी स्मारक होऊ शकतं, हे मी मुलांना सांगणार होते, पण सुरुवातीलाच नको म्हटलं.

आधी एआयची परीक्षा. कॅमेऱ्याने पिकलेली सुपारी ओळखायची होती. पिकलेली सुपारी केशरी असते. कोडवाल्याने कॅमेरा चालू केला, स्क्रीनवर चौकोन उमटला आणि यंत्राने ९४ टक्के खात्रीने पिकलेली सुपारी दाखवली. चौकोनात आमचे हे होते, केशरी माकडटोपी घालून. "डेटासेट वाढवावा लागेल," कोडवाला म्हणाला. ह्यांना टोपी काढायला सांगितली. तिच्याखालचा ऐवज यंत्राला कच्चा वाटला.

मग रिले चालू झाला. आणि काय सांगू, यंत्र चढलं! घर्र करत, स्प्रिंगा ताणत, माणसाच्या उंचीवरून, घराच्या पत्र्यावरून, वर वर गेलं. टाळ्या झाल्या. पुतण्या व्हिडिओ काढत होता, मी ताटात कोकम सरबताचे पेले घेऊन निघाले होते, एक वाळकी विरी सुटून खाली आली. तेवढ्यात वर पोफळ निमुळती झाली, स्प्रिंगांची ताकद संपली आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. "बंद कर!" मुलगी ओरडली. रिले बंद. यंत्र स्थिर. त्यातून आवाज आला : "टास्क कम्प्लिटेड."

"आता खाली आण," हे म्हणाले.

कोडवाला मुलीकडे बघू लागला. "पॉवर बंद केल्यावर ते आपोआप खाली येणार ना? ग्रॅव्हिटीने?"

"वर्म गिअर आहे. तो लॉक होतो. तू मोटर उलटी फिरवणार होतास ना?"

"रिलेने? कशी फिरवू?"

दोघं पुतण्याकडे वळले. लीडर तोच. तो बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, "डाउनवर्ड मोशन आपण फेज टू मध्ये घेतलंय."

दादा लग्नाला मुरुडकडे गेले होते, आणि त्यांच्याशिवाय त्या झाडावर चढणारं कुणी नव्हतं. नव्हतं म्हणूनच तर यंत्र केलं होतं. त्यामुळे फेज टू येईपर्यंत यंत्र वरच राहिलं. खारा वारा खाऊन चार दिवसांत त्याला गंज चढू लागला. कावळ्यांनी पाहणी केली. गावात बातमी गेली की आमच्या वाडीत सीसीटीव्ही बसवलाय. शेजारच्या वहिनी मागच्या दाराने आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुमचा विश्वास नाही का आमच्यावर? स्पष्ट सांगा." त्यांच्या विहिरीवरच्या धुण्याच्या वेळा बदलल्या. भावजींनी चौलहून फोन करून विचारलं की त्यात सगळं दिसतं का. त्यांचं काय दिसायची त्यांना भीती होती ते अजून कळलेलं नाही.

ह्यांनी मुलांना बसवून उदाहरणं दिली. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह केला, जेमतेम एक किलोचा. इस्रोच्या पीएसएलव्हीने तो २२ जून २०१६ ला नेला. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला गेला. "तीही पोरंच होती," हे म्हणाले. "अवकाशात पोचली. तुम्हाला पोफळ होईना?"

"काका, 'प्रथम' २००७ ला सुरू झाला होता," कोडवाला म्हणाला. एवढा जागा मी त्याला कधीच पाहिला नव्हता. "नऊ वर्षं! सुरू करणारे पास होऊन गेले, मग ज्युनिअर, मग त्यांचे ज्युनिअर. आम्हाला दोन सेमिस्टर, त्यात सबमिशन. आणि सगळ्यात मेन म्हणजे त्यांना खाली यायचं नव्हतं."

यावर ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ही घटना आमच्या घरी क्वचित घडते.

दादा लग्नाहून परतले. वर बघितलं, काही विचारलं नाही. फास अडकवला, चढले, आणि यंत्रापाशी पोचल्यावर त्याच्यावर बूड टेकून विडी काढली. इतक्या वर्षांत झाडावर टेकायला जागा मिळाली ती पहिल्यांदाच, म्हणे. "हे राहू दे की इथेच," वरून आवाज आला, "बरं पडतंय." मुलांनी गयावया केली तेव्हा दोर लावून यंत्र खाली सोडलं आणि एका झाडाचे पैसे घेतले. मग डोकं खाजवून आणखी एका झाडाचे घेतले, कारण 'घड असता तर टाकून दिला असता, हे जपून आणावं लागलं'.

व्हायव्हा जवळ आला. कॉलेजात यंत्राने वर जाऊन खाली आल्याचा व्हिडिओ दाखवायचा होता आणि यंत्र आता जमिनीवरही चालेना. इथे चौथा अवतरला. त्याने वर चढण्याचा व्हिडिओ घेतला आणि शेवटी तोच उलटा जोडला. यंत्र दिमाखात चढलं आणि तितक्याच दिमाखात उतरलं. वर्षभरातलं त्याचं हे एकमेव काम, पण अख्ख्या प्रोजेक्टमध्ये पूर्ण झालेलं कामही तेवढं एकच.

ब्लॅक बुक मीच तपासलं. काळं पुठ्ठ्याचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आतल्या मजकुरापेक्षा मार्जिनचे नियम कडक. आभाराच्या पानावर प्राचार्य, विभागप्रमुख, गाईड, आई-वडील आणि सर्वात शेवटी 'एंड युजर' म्हणून आम्ही दोघं. मी तेवढं पान ह्यांना तीनदा वाचून दाखवलं. शेवटच्या प्रकरणाचं नाव फ्युचर स्कोप. सुपारी काढणे, पिकलेली ओळखणे, पावसात चालणे, वजन कमी करणे आणि खाली येणे या गोष्टी त्यात गेल्या होत्या. उरलेल्या सगळ्या गोष्टी यशस्वी झाल्या होत्या.

व्हायव्हाचं पुतण्याने सांगितलं ते असं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई व्हिडिओ बघत होत्या. यंत्र चढलं, त्यांनी मान डोलावली. यंत्र उतरू लागलं. जमिनीवरची वाळकी विरी अलगद उडाली आणि झाडाला जाऊन चिकटली. बाई पुढे झुकल्या.

"ही मागे मागे चालत जाणारी बाई कोण आहे? हातात ताट आहे ती."

"एंड युजर, मॅम," चौथा म्हणाला.

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, ब्लॅक बुक उघडलं आणि पान क्रमांक खाली मधोमध हवा होता, उजवीकडे का टाकलाय, असं विचारलं. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. चौथ्याला ग्रुपमध्ये सर्वांत जास्त मार्क मिळाले, कम्युनिकेशन स्किल्स. मुलीला कमी, कारण मोटरीबद्दल विचारल्यावर तिने खरं सांगितलं. तिला पुढे चाकणला यंत्रांच्याच कारखान्यात नोकरी लागली. बाकीचे तिघं हिंजवडीला एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासतात. हे त्यांना फोनवरून बँकिंग शिकवतात.

प्रकरण मिटलं असं वाटलं. तर गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन. कॉलेजात मानांकनाची समिती येणार आहे, सर्व्हेतल्या पन्नासही शेतकऱ्यांचा अभिप्राय हवा. यंत्र वापरून समाधानी आहात का?

"कुणी वापरलंय?" मी विचारलं.

"काकू, प्लीज. फक्त टिक करायचंय."

मी पुन्हा फोन घेऊन बसले. वहिनी समाधानी झाल्या, आत्या समाधानी झाल्या, भावजींना सांगता आलं नाही. सासूबाईंपाशी आल्यावर बोट 'पूर्णपणे समाधानी' कडे चाललं होतं, एवढ्यात मागून हे म्हणाले, "आईच्या नावावर काहीही खपवू नकोस हं. ती असती तर काय म्हणाली असती?"

ते काही मला विचार करून आठवावं लागलं नाही. 'अजिबात समाधानी नाही' वर टिक केली आणि खाली 'सूचना' म्हणून चौकट होती तीही भरली : असली थेरं करायला वेळ आहे, विहिरीवरची मोटर दुरुस्त करायला कुणाला होत नाही, दिवसभर पोरांना सरबत पाजत बसायचं, संध्याकाळी दिवा लावायचं भान नाही, आणि झाडावर लोखंड चढवायच्या आधी घरातल्या मोठ्यांना विचारायची पद्धत गेली वाटतं.

चार दिवसांनी पुतण्याचा मेसेज आला. गाईडसर खूश आहेत. सगळ्यात जेन्युइन फीडबॅक या आजींचाच आहे, समितीला त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलायचंय, तर मंगळवारी अकरा वाजता त्यांना व्हिडिओ कॉलवर बसवता येईल का?